चिमूर : एका गावाचा भूगोल आणि इतिहास



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'चिमूर' एवढा एकच शब्द लिहून पाठविला. त्यावर चालकांपैकी एका गृहस्थांनी साहजिकच विचारले की, म्हणजे बेचाळीसचे आंदोलन ना? आम्ही म्हटले, बेचाळीस त्यात येईलच, ते टाळून चिमुरास जाता येत नाही. पण आम्हांस सांगावयाचे आहे ते गाव. आपल्या बोलण्यात चिमूर हे गाव म्हणून क्वचितच येते. ते येते एका जोडनावाचा उत्तरार्ध म्हणून. 'आष्टी-चिमूर' असे आपण एका दमात म्हणतो आणि मधल्या आडव्या रेघेत दीडशे किलोमीटरांचा मुलूख गडप करून टाकतो. आष्टी वर्धा जिल्ह्यात, चिमूर त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात. दोन्ही गावी १६ ऑगस्ट १९४२ रोजीच रक्त सांडले, म्हणून शाळेच्या पुस्तकात त्यांची एक ओळ झाली. त्या ओळीत नदी नाही, रस्ता नाही, माणसे कोणते धान्य खात होती तेही नाही.

हा विषय घेण्याचे दुसरे कारण परदेशी आहे, आणि ते सांगताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. चेक लोकांच्या देशात प्राग शहरापासून वीसएक किलोमीटरांवर लिदित्से नावाचे एक लहान खेडे होते. इंग्रजी वर्तमानपत्रांतून आपल्याकडे ते 'लिडिस' या नावाने आले. एका उथळ खोऱ्यात वसलेले, मधून ओढा गेलेले, सेंट मार्टिनच्या नावाचे चर्च आणि एक शाळा असलेले. पुरुष बहुतेक शेजारच्या क्लाद्नो येथील खाणींत व पोलादाच्या कारखान्यांत कामाला जाणारे. वस्ती अवघी ५०३. जून १९४२ मध्ये नाझींनी हे गाव नाहीसे केले, आणि त्यानंतर त्याचा भूगोल साऱ्या युरोपास पाठ झाला. त्याचे वर्णन वाचीत असता आमच्या ध्यानात आले की, लिदित्सेचा ओढा कोणीकडून वाहतो हे आम्ही सांगू शकतो. चिमुरावरून कोणती नदी वाहते हे मात्र आम्हांस, विदर्भात जन्म घालवूनही, चटकन सांगता येत नव्हते. तेव्हा प्रथम नदीपासूनच आरंभ करू.

चिमूर उमा नदीवर आहे. नदी म्हणावी एवढी ती मोठी नाही. उन्हाळ्यात गुरे तिच्या पात्रातून सरळ पलीकडे जातात, आणि श्रावणात तीच उमा गाडीवानास दोन दोन दिवस अलीकडच्या काठावर बसवून ठेवी. तिचे पाणी अखेर पूर्वेकडील वैनगंगेस मिळते. परंतु गावाच्या पश्चिमेस व दक्षिणेस ज्या टेकड्यांची रांग आहे, जिला जुने लेखक चिमूरचे डोंगर म्हणत, त्याच टेकड्यांत इरई उगम पावते. ती चंद्रपुरावरून जाऊन पश्चिमेकडील वर्धेस मिळते. म्हणजे या टेकड्यांवर पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. काही वैनगंगेकडे, काही वर्धेकडे. पुढे खाली गडचिरोलीच्या मुलखात वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि दोन्ही वाटांचे पाणी पुन्हा भेटते. ती गोष्ट वेगळी.

ही पाणलोटाची शीव नकाशावर जेवढी दिसते त्याहून ताटात अधिक दिसते. चिमुराहून पश्चिमेस वरोऱ्याकडे निघा. काळी जमीन लागते, ज्वारी, कापूस, तूर दिसू लागते, आणि जेवणात भाकरी येते. पूर्वेस नागभीड-ब्रह्मपुरीकडे निघा. भाताच्या बांध्या सुरू होतात, गावागणिक एखादा तलाव नाही तर बोडी दिसते, आणि माणसे दोन्ही वेळा भात जेवतात. हे तलाव पूर्वीच्या गावमुखत्यारांनी, पाटलांनी आणि तळी बांधण्यात निष्णात अशा कोहळी मंडळींनी बांधले. पुढे मालगुजार आले म्हणून त्यांस मालगुजारी तलाव म्हणू लागले. लोक त्यांस प्रेमाने मामा तलाव म्हणतात. चिमूर या दोन मुलखांच्या सांध्यावर बसले आहे. दोन्हींकडचा माल, दोन्हींकडची बोली आणि दोन्हींकडचे सोयरे त्याच्या बाजारात एकत्र येतात. पूर्वेकडच्या साऱ्या टापूस झाडीपट्टी म्हणतात. दंडार आणि नाटक यांचे वेड तिकडे इतके की, शंकरपटासाठी जमलेली माणसे रात्रभर नाटक पाहून पहाटे घरी जातात. शहरातील नाट्यगृहे ओस पडल्याची चिंता करणाऱ्या आमच्या मित्रांस आम्ही नेहमी सुचवितो की, एकदा थंडीत नागभीडकडे जाऊन या.

आता रस्त्याविषयी. चिमुरास आगगाडी नाही. पश्चिमेचे जवळचे मोठे स्टेशन वरोरा, पन्नासएक किलोमीटर दूर. पूर्वेस नागभीड, तीसएक किलोमीटर. उत्तरेस भिसीवरून उमरेड आणि पुढे नागपूर. दक्षिणेस जिल्ह्याचे ठाणे चंद्रपूर. नकाशावर पट्टी ठेवली तर ते साठ किलोमीटरांच्या आसपास भरते. परंतु पट्टी ठेवून कोणी प्रवास करीत नाही. मध्ये ताडोबाचे अरण्य आहे. बांबू, साग, ऐन, मोह यांचे दाट रान आणि त्यात वाघ. १९५५ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि आता ते व्याघ्र प्रकल्प म्हणून जगभर ठाऊक आहे. म्हणून चिमूरकरास कचेरीच्या कामासाठी स्वतःच्या जिल्ह्याच्या गावी जावयाचे तर रानास वळसा घालून शंभरएक किलोमीटर चालावे लागते. जिल्ह्यात पाऊस सरासरीने पन्नास इंचांच्या आसपास पडतो, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत. रस्ते कच्चे होते त्या काळी श्रावण-भाद्रपदात चिमूर जवळजवळ बेट होई. श्रोत्यांनी एवढे लक्षात ठेवावे. पुढे त्याची गरज लागणार आहे.

बेट होते म्हणून गाव दरिद्री होते असे मात्र नव्हे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी गॅझेटियरांनी चिमूरचे नाव दोन गोष्टींसाठी नोंदले आहे. तेथील बारीक सुती कापडासाठी आणि वर्षाच्या जत्रेसाठी. कापड विणणारी कोष्टी मंडळी, माग घरातच. गिरणीच्या कापडाने त्यांचे काय केले ते विदर्भातील प्रत्येक कोष्टीपुऱ्यास ठाऊक आहे, येथे विस्तार नको. जत्रा मात्र टिकली. ती बालाजीची. देऊळ भोसल्यांच्या काळातील म्हणून सांगतात. माघ महिन्यात यात्रा भरते आणि मुख्य रात्री देव लाकडी घोड्यावर बसून रथातून गावात फिरतात, म्हणून तिला घोडायात्रा म्हणतात. पिके घरात आलेली, रस्ते वाळलेले, उमेला पाणी गुडघ्याखाली. जत्रा माघात का भरते हे कोणा पुराणिकास विचारण्याचे कारण नाही, कोणताही गाडीवान सांगेल. आसपासच्या शंभर खेड्यांची लग्ने याच जत्रेत ठरत आणि बैलांचे सौदेही येथेच होत.

राज्यांचा इतिहास आम्ही थोडक्यात आटोपतो, कारण राज्यांनीही चिमुरास थोडक्यातच आटोपले. गोंडांच्या आधी या भागात माना राजे होते अशी परंपरा आहे, आणि माना जमातीची माणसे आजही या तालुक्यात पुष्कळ आहेत. त्यानंतर चांद्याच्या गोंड राजांचा दीर्घ अंमल. १७५१ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांनी चांदा घेतला. १८१८ मध्ये इंग्रजांनी चांद्याचा किल्ला तोफा लावून पाडला, आणि १८५४ मध्ये वारस नाही या सबबीवर सगळे नागपूरचे राज्यच खालसा केले. चार वर्षांनी, १८५८ च्या ऑक्टोबरात, बाबूराव शेडमाके या गोंड जमीनदारास चांद्यास फाशी दिले. तो प्रदेश चिमुरापासून बराच दक्षिणेस आहे, परंतु जिल्ह्याच्या आठवणीत ते नाव सर्वत्र आहे. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. मग जमाबंदी, मालगुजारी आणि राखीव जंगल या तीन गोष्टी आल्या. पहिल्या दोन गोष्टींनी शेतकऱ्यास कागदाशी बांधले, आणि तिसरीने त्याच्या हातातील कुऱ्हाड काढून घेतली. मोहफूल वेचावयास, सरपण आणावयास, गुरे चारावयास परवाना लागू लागला. जंगलाचा शिपाई हा चिमूरच्या माणसास दिसलेला पहिला सरकारी माणूस होय. १९३० साली पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव रानातील गवत कापून सत्याग्रह केला, तेव्हा गवतासारख्या क्षुद्र वस्तूसाठी एवढा मोठा वकील तुरुंगात का जातो हे पुण्या-मुंबईकडे समजावून सांगावे लागले असेल. या मुलखात ते कोणास समजवावे लागले नाही. अण्यांचे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

गावात राजकारण आले ते काही अंशी भजनाच्या वाटेने. तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावलीचा, परंतु त्यांच्या तरुणपणाची वर्षे चिमूरच्या आसपासच्या रानात, रामदेगी आणि गोंदोड्याची गुंफा या ठिकाणी गेली. हातात खंजिरी घेऊन हा तरुण बुवा देवाच्या भजनात स्वच्छतेचे, एकीचे आणि हळूहळू स्वराज्याचे शब्द गुंफू लागला. १९४२ चा चातुर्मास त्यांनी चिमुरास केला. सभेस परवानगी लागते, भजनास लागत नाही. अधिकाऱ्यांस ही अडचण उमजेपर्यंत गावोगावी मंडळे उभी राहिली होती.

८ ऑगस्टला मुंबईत ठराव झाला, ९ तारखेच्या पहाटे पुढारी पकडले गेले. ही वार्ता चिमुरास पोहोचावयास चार-सहा दिवस लागले आणि ती पोहोचली तेव्हा तिला सांगणारा कोणी मोठा पुढारी मागे उरला नव्हता. १६ ऑगस्टला रविवार होता आणि नागपंचमी होती. सणासाठी खेड्यांतील माणसे गावात आलेली. सकाळी प्रभातफेरी निघाली. पोलिसांनी ती अडविली, धरपकड झाली, लाठी चालली, मग गोळी सुटली. बालाजी रायपूरकर हा कोवळा तरुण त्या गोळीने मेला. त्यापुढची हकीकत सांगताना पुष्कळ वक्ते आवाज चढवितात आणि भराभर पुढे जातात. आम्हांस तेथे थांबणे प्राप्त आहे. पोर पडलेले पाहून जमाव डाकबंगल्याकडे गेला. बंगल्यास आग लावली गेली. उपविभागाचे मॅजिस्ट्रेट डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे, सर्कल इन्स्पेक्टर जरासंध आणि शिपाई कांताप्रसाद असे चार सरकारी नोकर त्या दिवशी जमावाच्या हातून मारले गेले. चौघेही हिंदीच होते. त्या दिवशी चिमुरात एकही गोरा नव्हता.

या चौघांची नावे आम्ही मुद्दाम उच्चारली. हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी ती सहसा उच्चारली जात नाहीत, आणि तशी अपेक्षाही नाही. परंतु इतिहास सांगणाऱ्याने ती गाळली तर पुढे जे सोसावे लागले त्याचे मोजमाप चुकते. चिमूरचे लोक निरपराध कोकरे होते असे सांगून त्यांचा मान वाढत नाही. जमावाने माणसे मारली. ज्यांनी ते केले त्यांवर खटले चालवावयास सरकार मोकळे होते आणि ते चालविलेही. प्रश्न आहे तो ज्यांनी काही केले नव्हते त्यांचा.

गावकऱ्यांनी झाडे तोडून रस्त्यावर आडवी टाकली, पूल मोडले. श्रावण उरलेले काम करीतच होता. आपण मघाशी पाहिलेला भूगोल तीन दिवस चिमूरच्या बाजूने लढला. १६ ते १९ ऑगस्ट या काळात गावात सरकार नव्हते. याला कोणी स्वतंत्र चिमूर म्हणतात. शब्द मोठा आहे, पण ज्या गावास अधिकारी पाहिल्यावर उभे राहण्याचीच सवय होती त्या गावास हे तीन दिवस काय वाटले असतील याची कल्पना करून पाहिली म्हणजे आम्ही त्या शब्दावर वाद घालीत नाही.

१९ तारखेस फौज आली. गोरे सोजीर आणि काही हिंदी शिपाई. पुरुषांस घराघरांतून काढून अटकेत टाकले. जे सापडले नाहीत ते रानात गेले होते. गावात राहिल्या बायका, मुले आणि म्हातारी माणसे. त्यानंतरच्या दिवसांत घरे फोडली गेली, लुटली गेली, आणि स्त्रियांवर अत्याचार झाले. दादीबाई बेगडे या वयोवृद्ध बाईंनी अधिकाऱ्यांपुढे जाऊन हे थांबवा असे तोंडावर सांगितले. नागपूरहून डॉ. मुंजे आले, काही स्त्रियांनीही येऊन गावातील बायकांच्या तोंडून हकीकती ऐकल्या. बाई माणसाने परक्या माणसासमोर असे काही बोलणे म्हणजे त्या काळी काय होते हे आम्ही सांगावयास नको. तरीही त्या बोलल्या, नाव-गाव सांगून बोलल्या. त्यांची नावे आम्ही येथे घेत नाही. किती स्त्रियांवर अत्याचार झाला याचे निरनिराळे आकडे छापले गेले आहेत. आम्ही त्यांतला एकही सांगत नाही, कारण ज्या चौकशीतून तो आकडा निघावयाचा ती चौकशी सरकारने होऊच दिली नाही. फौजेच्या शिस्तीस बट्टा लागेल असे काही करावयाचे नाही, हे सर हेन्री ट्वायनम यांच्या प्रांतिक सरकारचे धोरण ठरले. तुकडोजी महाराजांस २८ ऑगस्टला पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले. चिमुरास बाहेरच्याने जाणे आणि चिमूरची वार्ता छापणे, दोहोंवर बंदी आली.

येथे पुन्हा लिदित्सेकडे वळले पाहिजे. २७ मे १९४२ रोजी प्रागमध्ये हायड्रिख या नाझी अधिकाऱ्यावर बाँब पडला, ४ जूनला तो मेला. सूड म्हणून कोणते तरी गाव हवे होते. लिदित्सेचा या कटाशी संबंध असल्याचा पुरावा नव्हता. संशयास एक पत्र पुरले. १० जूनला गावातील १७३ पुरुषांस एका शेतवाडीच्या बागेत ओळीने गोळ्या घातल्या. बायकांस रावेन्सब्र्युकच्या छावणीत धाडले. ८२ मुलांस पुढे विषारी वायूने मारले. घरे जाळली, सुरुंगाने उडविली, चर्च पाडले, स्मशानातील प्रेते उकरली, तळे बुजविले, ओढ्याचा प्रवाहसुद्धा वळविला. भूगोल पुसण्याचा असा प्रयत्न जगात क्वचितच झाला असेल.

चिमूर आणि लिदित्से यांस आम्ही एका तागडीत घालीत नाही. तसे करणारे वक्ते आहेत. त्यांनी त्या ८२ मुलांकडे पाहावे. चिमूर उभे राहिले, उमा आपल्या पात्रातून वाहत राहिली, आरोपींस वकील मिळाले. परंतु एका बाबतीत ही दोन गावे शेजारी ठेवण्यासारखी आहेत. लिदित्सेचा संहार बर्लिनच्या रेडिओने त्याच दिवशी आपण होऊन जाहीर केला. गाव पाडतानाचे चित्रपटही नाझींनी स्वतः काढले. त्यांना दहशत हवी होती, आणि दहशतीस जाहिरात लागते. परिणाम उलटा झाला. महिन्याभरात अमेरिकेतील इलिनॉय संस्थानातील एका वस्तीने लिदित्सेचे नाव धारण केले, मेक्सिकोतील एका खेड्याने केले, लोकांनी मुलींची नावे लिदित्से ठेवली. इंग्लंडात स्टोक-ऑन-ट्रेंटच्या खाणकामगारांनी गाव पुन्हा बांधण्यासाठी निधी सुरू केला. लिदित्सेसाठी ब्रिटनची वर्तमानपत्रे हळहळत होती ते दिवस आणि चिमूरची एक ओळ हिंदुस्थानात छापावयाची नाही असा हुकूम निघाला ते दिवस यांत फार महिने गेलेले नाहीत. इंग्रज सरकारला चिमूरची जाहिरात नको होती. त्याला शांतता हवी होती, आणि जगापुढे अब्रूही हवी होती. आम्हांस वाटते, जे राज्य अब्रूस भिते त्याच्याशी भांडण्यास एक मार्ग उरतो, आणि तो मार्ग एका कृश माणसास नेमका सापडला.

जयकृष्ण भन्साळी हे सेवाग्राम आश्रमातील गृहस्थ. पूर्वी गुजरात विद्यापीठात प्राध्यापक, नंतर मोठे तपस्वी, आणि तपश्चर्या अशी की एके काळी मौन मोडू नये म्हणून त्यांनी ओठ तारेने शिवून घेतले होते. आमच्यासारख्या संसारी माणसास असली माणसे दुरूनच बरी वाटतात. चिमूरच्या बायकांची हकीकत कानी आल्यावर हे भन्साळी नोव्हेंबरात दिल्लीस गेले आणि बापूजी अण्यांच्या दारी बसले. तेच हे अणे, गवत कापून तुरुंगात गेलेले. आता व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते सांभाळीत होते. भन्साळींचे मागणे एवढेच होते की, तुम्ही विदर्भाचे आहात, चिमुरास चला आणि चौकशी करवा. अण्यांस जाता आले नाही. त्यांच्या मनात त्या दिवसांत काय चालले असेल याचा आम्ही पुष्कळदा विचार केला आहे. त्यांस दोष देणे सोपे आहे. परंतु १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या उपवासाच्या वेळी त्यांनी ती खुर्ची सोडली, हेही त्यांच्या खात्यावर जमा आहे.

दिल्लीहून भन्साळींस पोलिसांनी उचलून सेवाग्रामला आणून सोडले. तेथून ते उपाशी पोटी चिमूरकडे पायी निघाले. सेवाग्राम ते चिमूर साठांहून अधिक मैल. पोलिसांनी त्यांस परत आणले, ते पुन्हा निघाले. एका निःशस्त्र, भुकेल्या माणसास एका खेड्याच्या वाटेवरून वारंवार उचलून आणावयाचे, आणि का आणले हे कोणास कळू द्यावयाचे नाही, असा प्रसंग सरकारवर आला. उपवासाची वार्ता छापण्यासही बंदी झाली. तेव्हा संपादकांच्या परिषदेने निराळीच युक्ती काढली. ज्यांना जी वार्ता छापू देत नाहीत त्यांनी सरकारच्या वार्ता तरी का छापाव्यात? नववर्षाच्या पदव्यांच्या याद्या आणि सरकारी भवनांची पत्रके छापणे अनेक पत्रांनी बंद केले, आणि ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील पुष्कळ वर्तमानपत्रे एक दिवस निघालीच नाहीत. त्या दिवशी मद्रासेतील, मुंबईतील किती तरी वाचकांनी चिमूर हे नाव प्रथम ऐकले असेल. आणि ते छापलेले वाचून नव्हे, वर्तमानपत्र का आले नाही हे शेजाऱ्यास विचारून.

डॉ. ना. भा. खरे यांच्या मध्यस्थीने अखेर तडजोड झाली. १२ जानेवारीस, ६३ दिवसांनंतर, भन्साळींनी उपवास सोडला. वार्तांवरील बंदी उठली, चिमुरास जाणे मोकळे झाले. चौकशी झाली नाही ती नाहीच. चिमूरच्या स्त्रियांस न्याय मिळाला असे म्हणणे खोटेपणाचे होईल. त्यांचे म्हणणे निदान कोणी तरी पायी चालत येऊन ऐकू पाहत होते, एवढेच त्यांस कळले.

खटल्यांची कथा लांब आहे. खास न्यायालयांनी आष्टी आणि चिमूर येथील अनेकांस फाशीच्या शिक्षा सांगितल्या. अपिले लंडनपर्यंत गेली. अनसूयाबाई काळे यांनी या कैद्यांचे प्राण वाचविण्यासाठी तीन वर्षे जे दार दिसेल ते ठोठावले, स्वतः गांधीजींनी व्हाइसरॉयास लिहिले, आणि १९४५ च्या ऑगस्टात लॉर्ड वेव्हेल यांनी उरलेल्यांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. गावात ज्या बायका तीन वर्षे कुंकू लावताना रोज हात थांबवीत होत्या त्यांच्यापुरते महायुद्ध त्या दिवशी संपले.

लिदित्सेच्या १४३ बायका आणि १७ मुले युद्धानंतर परत आली. जुन्या जागेपासून थोड्या अंतरावर नवे गाव बांधले. जुनी जागा मोकळीच ठेवली. तेथे गवत आहे, गुलाबांची बाग आहे, आणि मारिए उखितिलोवा या शिल्पकर्तीने आयुष्याची वर्षे घालून घडविलेल्या ८२ मुलांच्या मूर्ती आहेत. तेथे जाणारा माणूस गप्प होतो असे म्हणतात.

चिमुरास जाणारा माणूस गप्प होत नाही, कारण ते जिवंत, गजबजलेले गाव आहे. आम्ही गेलो तेव्हा बसस्थानकावर एवढी गर्दी होती की, हुतात्मा स्मारक कोठे आहे हे विचारण्यासाठी आम्हांस आवाज चढवावा लागला. मालगुजारी १९५१ साली गेली. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. चिमूर तालुक्याचे गाव झाले, पुढे नगरपरिषद झाली. लोकसभेचा एक मतदारसंघ पुष्कळ वर्षे चिमूरच्या नावाने होता. २००९ पासून तो गडचिरोली-चिमूर झाला, म्हणजे पुन्हा एकदा आडव्या रेघेपलीकडचे नाव. १९८२ मध्ये चांद्यातून गडचिरोली जिल्हा निघाला, तेव्हापासून तर चिमूरकरांची आपल्या जिल्ह्याची मागणी अधिकच जोर धरून आहे. दर १६ ऑगस्टला मंत्री येतात, हार घालतात, आणि प्रत्येक सभेत तो प्रश्न निघतो. क्रांतीच्या नावाने जिल्हा मागणे योग्य की अयोग्य या वादात आम्ही पडत नाही. परंतु मागणीमागचे दुसरे कारण आम्ही नकाशावर पाहिले आहे. ताडोबाचे रान अद्याप मध्येच आहे, कोलारा वेशीवर वाघ पाहण्यासाठी मोटारींची रांग लागते, आणि सात-बाराच्या दाव्यासाठी चंद्रपूरला निघालेला चिमूरचा म्हातारा आजही पहाटेच्या एस. टी.ने त्या रानास वळसा घालून जातो.